यादीत राब नव्हता

माझ्या दोन्ही गालांवर आणि कपाळाच्या कडेला डाग होते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरात आरसा आहे. पण आमच्या खर्डीच्या बाजूला चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडावर उन्हाचे डाग नसले, तरच लोक चौकशी करतात. आजारी होती का, घरात बसून खाते का, असं विचारतात. मी अंगणवाडी सेविका. सकाळी पोरं, दुपारी घरभेटी, उरलेल्या वेळात शेत. म्हणजे दिवसातलं एकही ऊन मी चुकवलेलं नाही.

ते डाग काढायची कल्पना माझी नव्हती, माझ्या लेकीची होती. ती कल्याणला कोर्स करून आली आणि शहापुरात एका त्वचेच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिथल्या डॉक्टर मॅडम कल्याणहून आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी नवीन मशीन घेतलं होतं. झगझगीत उजेडाचे झटके देऊन उन्हाचे डाग फिके करणारं. लेक मला भाकऱ्या थापताना समजावून सांगत होती, की उजेड डागातला काळा रंग शोधून तेवढाच पोळतो, बाकीची कातडी तशीच राहते.

मी म्हटलं, "आणि सगळं तोंडच काळं असलं, तर त्यानं शोधायचं काय?"

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, तीच तर खरी अडचण आहे. आपल्या रंगाच्या कातडीवर मशीनचा जोर कमी ठेवावा लागतो, आणि नंतर माणसानं जपावं लागतं, नाहीतर डाग जायच्या ऐवजी नवीन येतात. म्हणून मॅडमना शेतातली, उन्हात रापलेली एक बाई हवी होती. आधीचे फोटो, तीनदा मशीन, नंतरचे फोटो. चेहरा पुसण्यापासून घरच्या काळजीपर्यंत सगळं लेकीनं सांभाळायचं, आणि तिसऱ्या वेळी मशीन मॅडमच्या देखरेखीखाली तिनं स्वतः धरायचं. सगळं नीट झालं तर मशीन तिच्या हाती. नाहीतर कल्याणहून शिकलेली मुलगी रोज येणार, आणि हिच्या वाट्याला टॉवेल धुणं.

"मी तुझं नाव देऊन आले," ती म्हणाली. "मॅडमना सांगितलं, माझी आई सांगितलेलं सगळं ऐकते."

आमचे हे समोर जेवत होते, त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झालं तरी खोकतच होते. माझ्याबद्दल इतकं धडधडीत खोटं त्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

आधी कानामागे एक ठिपका मारून बघितला. तिथं काही वाईट झालं नाही, तेव्हा होळीनंतर पहिल्यांदा बसवलं. मोठ्या दिव्याखाली हनुवटी टेकवून फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग लेक भिंग लावून माझा गाल बघत बसली. एकेक डाग मोजून कागदावर लिहीत होती. माझ्या तोंडाकडे इतका वेळ कोणी कधी बघितलं नव्हतं. लग्नाआधी बघायला आलेल्यांनीसुद्धा चहा संपेपर्यंतच बघितलं होतं. मला उगाच लाजल्यासारखं झालं, आणि ते लपवायला मी तिला म्हटलं, लवकर आटप, म्हशीची वेळ होईल.

डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, गालावर गारगार चिकट काहीतरी फासलं. मॅडमनी मशीन टेकवलं. मिटलेल्या डोळ्यांतसुद्धा लख्ख उजेड पडला, आणि फोडणीतला मोहरीचा दाणा उडून गालावर बसावा तसा चटका. मग वास. कोंबडी साफ करताना जाळावर धरतात, अगदी तसा. मी म्हटलं, मॅडम, मीठमसाला लावून ठेवलाय का? मॅडम हसल्या. लेक हसली नाही. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, नंतर गार पट्टी किती मिनिटं ठेवायची त्याकडे.

घरी येताना तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली यादी दिली आणि कपाटाच्या दाराला चिकटवली. उन्हात जायचं नाही. गेलंच तर छत्री आणि तोंडाला ओढणी. दर तीन तासांनी मलम. हळद नाही, लिंबू नाही, बेसन चोळायचं नाही. वाफ घ्यायची नाही. चुलीपुढं बसायचं नाही, गॅसवरच करायचं. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, आये, प्लीज.

आता उन्हाळ्याच्या तोंडावर खेड्यातल्या बाईनं उन्हात जायचं नाही म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. घरभेटी मी सकाळी सातलाच सुरू केल्या. लोक दात घासत असायचे आणि मी दारात वजनकाटा घेऊन उभी. मलम लावलं की तोंड पांढरंफटक दिसायचं. अंगणवाडीतल्या एका पोरानं भर प्रार्थनेत सांगितलं, "बाई, तोंडाला चुना लागलाय." म्हशीनं तर असहकारच पुकारला. ओढणीत गुंडाळलेलं, मलमाचा वास येणारं हे ध्यान कोण, म्हणून ती दावं ताणून मागं सरायची. दोन दिवस दूध चोरलं तिनं. शेवटी मी गोठ्यात ओढणी काढून आधी तिला तोंड दाखवायचे, मग बसायचे.

गावात बातम्या उठल्या. मला किडनीचा आजार आहे. लेकीचं लग्न ठरलंय आणि विहीणबाई नटतायत. माझी जाऊ शेजारीच राहते, तिनं या बातम्या पसरवल्या नाहीत, फक्त मला वेळच्या वेळी पोचवल्या. पुतण्याच्या हळदीला तर कहर झाला. आमच्याकडे हळदीत कोणाचं तोंड कोरडं राहत नाही. नवरदेव बाजूला राहतो आणि बायका एकमेकींनाच रंगवतात. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून मांडवाच्या खांबामागं उभी. जाऊ हळदीचा हात घेऊन आली आणि म्हणाली, "आमची हळद बाधते का गो तुला?" तिला समजावायला गेले तर ती रुसली. मी तिच्या हातची हळद घेऊन कोपरापर्यंत हातांना फासली, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

पण डाग हलले. आधी तर ते चहाच्या भुकटीसारखे काळे झाले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी गळायला लागले. हे म्हणाले, तुझं तोंड झडतंय, अंगण परत झाड. त्याखालची कातडी मात्र सारखी निघाली. दुसऱ्यांदा मशीन झालं त्यानंतर तर कपाळाची डावी कड इतकी स्वच्छ झाली की जावेनं बोट लावून बघितलं, पावडर आहे का म्हणून. बोट कोरडं निघालं. जाऊ गप्प बसली हा माझ्यासाठी मशीनपेक्षा मोठा चमत्कार होता.

लेक आता शहापुरातच राहायची, पण दर रविवारी घरी येऊन भिंग घेऊन बसायची. डाग कमी झाला की वहीत लिहायची, आणि लिहिताना जीभ दाताखाली धरायची, पहिलीत पाटीवर लिहिताना धरायची तशीच. तिसऱ्या वेळेला महिना होता. तेव्हा ती स्वतः मशीन धरणार होती.

आणि मग राब भाजायचे दिवस आले.

राब म्हणजे भाताचं रोप जिथं टाकायचं, तो तुकडा. त्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि हळूहळू धुमसत सगळं भाजून काढायचं. मग पावसाच्या तोंडावर तिथं रोप जोमानं येतं. ऐकायला सोपं आहे. पण पेटवायचा कुठून ते कळावं लागतं. वारा ज्या टोकाकडे जातो तिथून पेटवायचा, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट, मागं मागं सरकत येतो आणि माती खालपर्यंत भाजते. आमच्या ह्यांना घाई. ते वाऱ्याच्या बाजूनं पेटवतात. दोन वर्षांपूर्वी राब पाच मिनिटांत भुर्रकन गेला आणि सोबत शेजाऱ्याचं कुंपणही घेऊन गेला. तेव्हापासून राब माझ्याकडे.

मी नीट विचार केला, हे मला आवर्जून सांगायचंय. आदल्या दिवशी यादीपुढं उभी राहिले आणि एकेक ओळ वाचली. ऊन? पहाटे, सूर्य वर यायच्या आत करायचं. हळद? नाही. लिंबू? नाही. वाफ? नाही. चूल? राब म्हणजे काही चूल नव्हे. ओढणी नायलॉनची होती, ठिणगी पडली तर तोंडाला चिकटेल, म्हणून ती काढून ठेवली. मलम तेलकट, जाळापुढं नको, म्हणून तेही पुसलं. एवढी अक्कल मी वापरली.

तुकडे चार. हिरवी डहाळी हातात घेऊन, जिथं ज्वाळ वर येईल तिथं वाकून झोडत, दीड तास मी त्या धगीला तोंड देऊन उभी होते. राब सुरेख भाजला. उजाडलं तशी छत्री उघडून पळत घरी आले, उन्हाचा एक कवडसा अंगावर घेतला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी तोंड लाल झालं होतं. गार पाणी मारलं. लेकीला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर. तिसरी वेळ दहा दिवसांवर आली होती, आणि मधल्या रविवारी ती कामामुळे येणार नव्हतीच. पाच-सहा दिवसांत लाली गेली आणि जिथून डाग उठले होते बरोबर तिथंच नवीन उमटले, आधीपेक्षा गडद, आधीपेक्षा मोठे. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी मलम दुप्पट लावायला लागले, जणू ते बघून डाग लाजून जाणार होते.

तिसऱ्या वेळेला दवाखान्यात गेले तेव्हा लेकीनं दारातच माझ्याकडे बघितलं आणि आत नेलं. कापसानं तोंड पुसायला लागली. कपाळावरचे केस मागं करताना तिचा हात थांबला. मग परत पुसायला लागली. मॅडम आल्या, त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

त्यांनी मला विचारलं, उन्हात गेला होतात का. मी शपथेवर सांगितलं, नाही. ते खरंच होतं. मग त्या लेकीकडे वळल्या. आवाज चढवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. मागच्या वेळी गार पट्टी किती मिनिटं ठेवली होतीस, मशीन माझ्या हाती द्यायच्या आधी जोर दोनदा तपासला होतास का, चेहऱ्यावर आधीचं काही राहिलं होतं का. लेक खाली मान घालून उभी. वहीत सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या, तिनं वही पुढं केली नाही.

"माझ्याकडूनच काहीतरी कमी पडलं असेल, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला वाटलं, आता कल्याणच्या मुलीचं नाव लिहितायत. मी लेकीकडे बघितलं. तिची नजर माझ्या कानशिलावर होती. तिथले केस करपून आखडले होते, मला ठाऊकच नव्हतं. तिनं ते मघाशी बघितले होते. शेतकऱ्याच्या घरातली पोर ती, वैशाखात बाईचे पुढचे केस कशानं करपतात हे तिला कोणी सांगायला नको. तिला सगळं कळलं होतं. परक्या माणसापुढं आईची चूक निघू नये म्हणून ती स्वतःची नोकरी घालवायला निघाली होती.

मी आयुष्यभर मिरवलं की मी फटकळ आहे, खरं बोलायला घाबरत नाही. त्या खुर्चीत मात्र लाज वाटली, दुसरं काही नाही. मग मी खुर्चीत सरळ बसले.

"मॅडम, तिचं काय चुकलं नाय," मी म्हटलं. "मी राब भाजला."

मॅडमनी विचारलं, काय भाजलं? त्यांना वाटलं काहीतरी खायचं. मी सगळं सांगितलं, वाऱ्याची बाजू, डहाळी, ओढणी का काढली, मलम का पुसलं. दीड तास म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. धगीनंसुद्धा डाग उठतात, त्या म्हणाल्या, कातडीला ती सूर्याची आहे की पाल्याची हे कळत नाही. मी म्हटलं, यादीत राब नव्हता. आणि म्हणताक्षणी कळलं की मी परत लेकीच्याच डोक्यावर खापर फोडतेय.

मॅडमनी तिला विचारलंच. तू इथलीच आहेस, वाफ आणि चूल लिहिलीस, मग हे कसं सुटलं?

लेक पहिल्यांदा मान वर करून बोलली. "मी कधी राबापुढं उभीच राहिले नाय, मॅडम. आईनं राहू दिलं नाय. म्हणायची, तुझं तोंड माझ्यासारखं व्हायला नको."

खरं होतं. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून राबाच्या दिवशी मी तिला जावेकडे ठेवत होते. शाळा असली तर शाळेत, नसली तर जावेकडे. शेताच्या बांधावर आली तरी ओरडायचे. तिच्या गोऱ्यागोमट्या तोंडाला मी इतकी जपले, की माझ्या तोंडाचं काय होतं ते तिला कधी दिसलंच नाही. मला रडू आलं आणि डोळे पुसायला गेले तर ती म्हणाली, आये, हात नको लावू, आत्ताच पुसलंय.

मॅडम तिला विचारत बसल्या. इथल्या बायका आणखी कुठं कुठं धगीपुढं असतात? लेक सांगत गेली. वीटभट्टी, पाऊस पडेपर्यंत. लग्नाचा स्वयंपाक, दगडांच्या चुलाणावर. मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याला डोंगर-उतारावर नाचणीसाठी भाजतात तेही. मॅडमनी माझ्याच घरची यादी मागवून घेतली आणि तिलाच परत लिहायला लावली. मला त्यांनी त्या दिवशी मशीन लावलं नाही. नुसतं मलम दिलं आणि पावसात बोलावलं. जाताना म्हणाल्या, "मावशी, कल्याणच्या मुलीनं मला यातलं काहीच सांगितलं नसतं. तिला मी अजून बोलावत नाही."

श्रावणात, भाताची आवणी उरकल्यावर लेकीनं मशीन धरलं. मॅडम बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. लेकीचा हात गार होता. एकेक झटका मारताना ती हळूच म्हणायची, आये, आला हं. महिन्यानं फोटो शेजारीशेजारी लावले. उजवी बाजू छान. डाव्या गालावर चिंचोक्याएवढा एक डाग राहिला तो राहिलाच, मॅडम म्हणाल्या तो राबाचा, तो आता सोबतच राहणार. त्या दिवसापासून मशीन लेकीकडे आहे. दवाखान्यात आलेल्या बाईला ती आधी विचारते, भात लावता का, भट्टीवर जाता का, आणि मग विचारते, डाग कधीपासून आहेत. माझी जाऊ लपूनछपून तिच्याकडे जाऊन आली. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

यंदा राबाच्या दिवशी लेक सुट्टी टाकून आली. जाड सुती फडकं डोक्यातोंडाला बांधलेलं, डोळ्यांवर चष्मा, अंगात ह्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. डहाळी मागितली. मी म्हटलं, वेडी का, तू नाही उभी राहायचीस, आणि डहाळी पाठीमागं धरली. आमचे हे बांधावर बसून मजा बघत होते. तिनं माझ्या मागून डहाळी ओढून घेतली आणि आंब्याकडे बोट दाखवलं.

"तू तिकडं सावलीत बस," ती म्हणाली. "मी मॅडमना सांगितलंय, माझी आई ऐकते."

तिनं वाऱ्याच्या बाजूनंच पेटवला, बापावर गेलेली. जाळ उठला आणि ती दचकून मागं सरली, फडकं घसरलं, गाल लाल झाले. मला बघवेना. पळत जाऊन तिला मागं ओढावं असं वाटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, ठसका लागायच्या तयारीत. मी छत्री उघडली आणि आंब्याखाली जाऊन बसले, आणि घसा बसेपर्यंत तिथूनच ओरडत राहिले, त्या टोकानं, पोरी, त्या टोकानं पेटव.